वॉलीच्या पोटातली अर्धी मनुका

१

"डॉक्टर, कुत्र्याच्या पोटातून तुम्ही आजवर काढलेली सगळ्यात लाजिरवाणी वस्तू कोणती, आणि ती कोणाची होती?"

विचारलं मी, पण प्रश्न माझा नव्हता. किली आणि अनूक या माझ्या दोन मैत्रिणींनी तो माझ्या गळ्यात घातला होता. दहावीला आम्हा सगळ्यांना एक आठवडा कुठेतरी कामाला जावं लागतं. मी आमच्या वुरांबी गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. शुक्रवार शेवटचा दिवस, म्हणजे आजच. तोवर प्रश्न विचारला नाही, तर गावच्या शेतकी शोच्या मिरवणुकीत मेंढीचा पोशाख घालून चालायचं, अशी पैज होती. मी घड्याळात पाहिलं, साडेआठ वाजले होते, दवाखान्यात गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, आत्ताच.

डॉ. इमरी हत्यारं धूत होत्या. साठीच्या बाई, बोलणं कोरडं, हात कायम ओले. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"वस्तू सांगते. माणूस नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं की ती एक खालची कवळी होती. मालकाने ती तिथेच नळाखाली धुतली आणि तोंडात घातली, कारण त्याला दुपारी कोणाकडे तरी जेवायला जायचं होतं. म्हणून ती बरण्यांच्या फळीवर नाही.

बरण्यांची फळी म्हणजे त्या दवाखान्याची शान. गोल्फचा चेंडू, टीव्हीच्या रिमोटचा अर्धा भाग, मक्याचं दाणे खाल्लेलं कणीस, रबरी बदक. सगळं कुठल्या ना कुठल्या कुत्र्याच्या पोटातून निघालेलं. त्यातल्या दोन बरण्या आमच्या घरच्या. एकीत माझा शाळेचा मोजा. दुसरीत टास्मानियाचा नकाशा छापलेलं भांडी पुसायचं फडकं. दोन्ही आमच्या वॉलीचे पराक्रम. वॉली म्हणजे पिवळा लॅब्राडोर, वय चार वर्षं, पोटावर टाक्यांच्या दोन रेघा.

डॉक्टरांनी हात पुसले. म्हणाल्या, एवढ्या वर्षांत एक शिकले. कुत्र्याच्या पोटात जे असतं ते असतं. खोटं बोलतात ती त्याला घेऊन येणारी माणसं.

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. बाबा होते.

"ब्रिडी, डॉक्टरांना सांग मी येतोय. वॉलीने आईचा केक खाल्ला."

२

आईचा केक म्हणजे काय, ते आमच्याकडच्या लहान पोरालाही कळतं. शोसाठीचा फळांचा केक. सगळ्या बायकांना एकच कृती, तोळामासा इकडेतिकडे चालत नाही. प्रत्येक मनुकेचे दोन तुकडे, चेरीचे चार, आणि परीक्षक केक मधोमध कापून आतले तुकडे भिंगातून बघितल्यासारखे बघतात. आई नऊ वर्षं दुसरी येत होती. नऊही वेळा पहिली डल्सी ट्रास्क, आमच्या रस्त्यावरचंच पुढचं घर. यंदा मात्र आईचा केक असा उतरला होता की बाबा, ज्यांना केकमधलं फक्त खाणं कळतं, तेसुद्धा भट्टीसमोर टोपी काढून उभे राहिले. मनुका मी कापल्या होत्या. दोन संध्याकाळी बसून, एकूण एक.

तो केक आज बारा वाजायच्या आत शोच्या मंडपात पोहोचायला हवा होता.

बाबांनी वॉलीला उचलून आणलं. चाळीस किलोंचा कुत्रा, पण चालवत आणलं नाही. ते म्हणाले, सकाळी धुण्याच्या खोलीचं दार उघडं होतं, केक निववायची तारेची जाळी रिकामी, खाली वॉली बसलेला, समोर बटर पेपरच्या चिंध्या आणि तोंडाला केकचा चुरा. आईने सव्वासातला पाहिलं.

"आणि फोन आत्ता साडेआठला?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबा ओशाळले. ते मेंढ्यांकडे होते, सव्वाआठला घरी आले तेव्हा त्यांना कळलं. जनीन, म्हणजे आई, म्हणाली, त्याला काही होणार नाही, राहू दे. मग त्यांनीच फोन केला.

मूठभर मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं जाऊ शकतात आणि त्या केकात किलोभर सुकामेवा होता. डॉक्टरांनी उलटी होण्याची सुई टोचली. मी वॉलीचं डोकं मांडीवर धरलं. पाच मिनिटं तो माझ्याकडे असा बघत होता, जणू हे सगळं मीच घडवून आणलंय. मग पोटातलं सगळं बाहेर आलं.

सकाळचं खाणं. भांडी घासायच्या पिवळ्या स्पंजचा तुकडा. बटर पेपरच्या लांब, सरळ पट्ट्या.

डॉक्टरांनी हातमोजे चढवले आणि चिमट्याने एक एक गोष्ट बाजूला केली. मी वाकून बघत होते. अख्ख्या ढिगात मनुका एकच होती. एक पण नाही. अर्धी. कागदाला चिकटलेली.

डॉक्टर सरळ झाल्या.

"कॉलिन," त्या बाबांना म्हणाल्या, "या कुत्र्याने केक खाल्लेला नाही."

३

मग केक कुठे गेला?

बाबांना तो प्रश्न पडलाच नाही. त्यांच्या दृष्टीने वॉलीने थोडा खाल्ला असेल, बाकी अंगणात पुरला असेल. डॉक्टरांनी मला सांगितलं की आजचं उरलेलं काम तुझ्या घरीच दिसतंय, जा. आम्ही पिकअपमध्ये बसलो, वॉली मधे.

गावाबाहेर पडल्यावर बाबांनी सांगितलं की त्यांनी केव्हकाकाला फोन केलाय. काका शोसाठी येणारच आहे. रविवारी परत जाताना वॉलीला घेऊन जाईल. काकाचा गुरांचा मळा उत्तरेला सहाशे किलोमीटरवर आहे. तिथे कुत्री साखळीला असतात, घरात पाऊल नाही.

"तिथे फडकी नाहीत, मोजे नाहीत," बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले. "माती आणि हाडं. डॉक्टर गेल्या वेळी काय म्हणाल्या ते तू ऐकलंस. तिसऱ्यांदा पोट फाडलं तर शिवायला जागा नाही. आज स्पंज होता. तो मेलेला बघण्यापेक्षा दूर असलेला बरा."

मी रडले नाही, कारण रडले की मला विचार करता येत नाही. आणि मला विचार करायचा होता. रविवारपर्यंत.

मी कागदाच्या पट्ट्यांपासून सुरुवात केली. तो कागद भट्टीच्या डब्यातला, केकच्या अंगाला चिकटलेला. वॉली कागद खातो तेव्हा तो केकसकट खातो, सोलून नाही. हा कागद सरळ सोललेला होता, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आणि सोलणाऱ्याने केकचा कणही तुटू दिला नव्हता, एक अर्धी मनुका आणि चिमूटभर चुरा सोडला तर. म्हणजे माणूस. आणि हात सवयीचा.

मग मला दुसरी गोष्ट खटकली. केक थंड करताना उलटा ठेवतात, म्हणजे वरची बाजू सपाट बसते. तारेच्या जाळीवर ठेवतात, पण जाळीवर आधी जाड फडकं. नाहीतर तारांचे वळ उठतात आणि वळ उठलेला केक परीक्षक हातात घेऊन खाली ठेवतात, पुढे बघत नाहीत. काल रात्री आईने फडकं घातलं होतं. घडी करताना मी पाहिलं होतं. आता, वॉलीसमोर एकीकडे केक आणि दुसरीकडे फडकं ठेवलं, तर तो आधी फडकं खाईल. ते त्याचं व्यसन आहे.

फडकं पोटातून निघालं नाही. मग ते कुठे होतं?

मी बाबांना सहज विचारलं.

"फडकं?" बाबा म्हणाले. "ते तर मीच काढलं."

४

पहाटे पाचला मेंढ्यांकडे निघताना ते धुण्याच्या खोलीत बूट घालायला गेले. जाळीवरून फडक्याचं टोक खाली लोंबत होतं, बरोबर वॉलीच्या तोंडाच्या उंचीवर. त्यांनी ते हळूच ओढून काढलं, घडी घातली आणि फ्रिजच्या वरच्या कपाटात ठेवलं, जिथे आमच्या घरातलं प्रत्येक फडकं आणि प्रत्येक मोजा राहतो. केक जागचा हलला नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. त्यांना त्याचा अभिमान वाटत होता.

बाबा बत्तीस वर्षं मेंढ्या सांभाळतात. जाळीच्या वळांबद्दल त्यांना कोणी कधी सांगितलं नसणार, आणि ते चालत्या गाडीत सांगायची ती वेळ नव्हती.

किलीचा एव्हाना तिसरा मेसेज आला होता. तिच्या मते गुन्हेगार उघड होता: ट्रास्कबाई. दहाव्यांदा जिंकायचं म्हणून. मला ते फार सोपं वाटत होतं, पण बाई सकाळी आमच्याकडे अंडी द्यायला येतात, हे खरं होतं. मी बाबांना त्यांच्या फाटकापाशी गाडी थांबवायला सांगितली.

ट्रास्कबाई गाडीत डबे ठेवत होत्या. एक नाही, दोन. माझी नजर दुसऱ्या डब्यावर गेली, ते त्यांनी पाहिलं आणि झाकण उघडून दाखवलं. स्कोन होते, चहाबरोबर खायचे छोटे पाव.

"विचार, विचार," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईचा केक कुत्र्याने खाल्ला असं दुकानात ऐकलं मी. आणि सगळे माझ्याकडे बघतायत, जणू ते कुत्रं मी शिकवून पाठवलं."

मी विचारलं, सकाळी केक पाहिलात का.

त्यांनी ओढणीसारखा गळ्यातला रुमाल उगाच नीट केला. मग म्हणाल्या की पाहिला. सातला अंडी ठेवताना धुण्याच्या खोलीच्या खिडकीतून. देखणा होता, मेला. कडा कशा तासलेल्या. आणि ठेवला होता उघड्या तारांवर, खाली चिंधीसुद्धा नाही.

"मी घरी आले आणि दोन कप चहा प्यायले," ट्रास्कबाई म्हणाल्या. "पहिला आनंदाने. दुसरा मात्र घशाखाली उतरेना. नऊ वर्षं त्या बाईने मला रात्र रात्र जागवलंय, ब्रिडी. असं जिंकायचं नव्हतं मला. परत जाऊन दार वाजवावं असं मनात आलं होतं. नाही गेले."

"का नाही गेलात?"

"कारण साडेसात वाजून गेले होते. वळ उठायचे ते उठले असणार. आता जाऊन मी काय सांगणार, की तुझा केक गेला?"

पिकअपमध्ये परत बसताना मला एक गोष्ट कळली होती आणि ती मला नको होती. सातला केक जाळीवर होता. सव्वासातला नव्हता. बाबा मेंढ्यांकडे होते, मी सातच्या आधीच दवाखान्याकडे निघाले होते. मधली पंधरा मिनिटं घरात एकच माणूस होतं.

५

आई तिच्या खोलीत होती, दार लावून. बाबा वॉलीला पाणी द्यायला मागे गेले.

मला अजून खात्री करायची होती. एका गोष्टीची नाही, दोन. पहिली मी स्वयंपाकघरातच पाहिली. फ्रिजवर चुंबकाने लावलेली यादी, वॉलीने काय खाल्लं तर ताबडतोब दवाखाना. सर्वांत वर, लाल शाईने, दोनदा अधोरेखित: मनुका. अक्षर आईचं.

मोज्याच्या वेळी वॉलीला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलेली आई मला आठवते. फडक्याच्या वेळी ती दवाखान्याच्या पायरीवर चार तास बसली होती, जेवायला उठली नाही. ती बाई वॉलीने किलोभर मनुका खाल्ल्या असं समजून "राहू दे, काही होणार नाही" म्हणेल? तासभर फोनसुद्धा करणार नाही? ते एकाच कारणाने होऊ शकतं. त्याने काही खाल्लेलं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

दुसरी गोष्ट केक. शोचा केक करणारी बाई केक फेकत नाही. महिनाभर ब्रँडीत मुरलेली फळं ती कोंबड्यांना घालणार नाही, हात वळणारच नाहीत. ती तो नवीन कागदात गुंडाळेल, दुहेरी, वरून फडकं, आणि कुत्रा आणि मुंग्या पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवेल. गाडी घरातून हलली नव्हती. म्हणजे घरातच.

मी मधल्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि नुसतं बघितलं. शिवणाचं मशीन टेबलावर उघडं होतं. आई मशीन कधी उघडं ठेवत नाही, धूळ बसते. त्याचं लाकडी झाकण कपाटावर चढवलेलं होतं.

मी खुर्चीवर चढले आणि झाकण उचललं.

आत केक होता. दुहेरी कागद, कोपऱ्यांना पाकिटासारख्या घड्या, वरून स्वच्छ फडकं. गुन्हा लपवतानाही आईने तो नियमाप्रमाणे बांधला होता. मी कागद हळूच बाजूला केला. कडा तासलेल्या, रंग एकसारखा, आणि वरच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अकरा समांतर वळ.

मागे फरशी वाजली. आई दारात उभी होती.

६

ती ओरडली नाही. तिने विचारलं, बाबांना सांगितलंस का. मी म्हटलं, नाही, त्यांना बोलाव, मला दोघांशी एकदम बोलायचंय. असं मी आईशी आयुष्यात पहिल्यांदा बोलले, आणि तिने खरंच बोलावलं.

स्वयंपाकघराच्या टेबलावर मधे केक, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. वॉली टेबलाखाली. मी उभीच राहिले. सगळं क्रमाने सांगितलं: पोटात काय निघालं आणि काय नाही, कागद कसा सोललेला होता, सात वाजता खिडकीतून काय दिसलं. आई केकाकडे बघत होती. बाबा आईकडे.

"मला वाटलं, फडकं घालायला मीच विसरले," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "जाळीवरून उचलला आणि बघितलं. दुसरी येण्याची मला लाज नाही, कॉलिन. नऊ वेळा आले. पण वळ? वळ पहिल्यांदा केक करणाऱ्या पोरीच्या केकावर उठतात. वाटलं, डोकं चालेनासं झालं की काय माझं. मग पायाशी हा बसलेला दिसला. वाटलं, लोक हसतील, म्हणतील जनीनच्या त्या कुत्र्याने पुन्हा, आणि विषय संपेल. म्हणून कागद सोलून त्याच्यापुढे टाकला. पुढचा विचार केलाच नाही. तू केव्हला फोन करायला उठलास आणि माझं तोंडच उघडेना."

"तू विसरली नव्हतीस," मी म्हटलं.

बाबा त्या अकरा रेघांकडे बघत होते. मेंढीच्या पायातला काटा शोधताना बघतात तसे. त्यांच्या लक्षात येत चाललं होतं ते मला दिसलं, आधी लाल झालेल्या कानांवर, मग मानेवर.

"जनीन," ते म्हणाले, "ते फडकं मी काढलं. पाचला. त्याने खाऊ नये म्हणून."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता भांडी उडणार. तिने फक्त विचारलं की केक न हलवता कसं काढलं. बाबांनी हाताने दाखवलं, हळू, एका बाजूने. आईच्या तोंडाचा कोपरा थोडा हलला. हसू होतं की काय, ते मला अजून सांगता येत नाही. मग तिने टेबलाखाली हात घातला आणि वॉलीच्या डोक्यावर ठेवला, आणि तो हात तिथून काढेना.

बाबा म्हणाले, केव्हला नको म्हणून कळवतो. पण ते उठले नाहीत. म्हणाले, तरी स्पंजचं खरंच आहे, ब्रिडी, आज ना उद्या तो काहीतरी गिळणारच. आई म्हणाली, आणि केकाचं राहू दे आता, पुढच्या वर्षी बघू. दोघंही एकमेकांना इतकं सांभाळून बोलत होती की मला कळलं, असंच चालू राहिलं तर बारा वाजतील, केक मशीनच्या झाकणाखाली जाईल आणि रविवारी सगळे भिडेपोटी गप्प राहतील आणि वॉली जाईल.

अकरा वीस झाले होते. मी केक परत कागदात गुंडाळला. पाकिटासारख्या घड्या मला आईइतक्या जमत नाहीत, पण जमल्या. गाडीची किल्ली खिळ्यावरून काढली.

"मी ठरवलंय," मी म्हटलं. "वॉली कुठेही जाणार नाही. आजपासून तो माझा. तो जे गिळेल त्याचं उत्तर मी देईन, आणि घरातलं प्रत्येक फडकं मी मोजून ठेवीन. आणि हा केक आत्ता मंडपात जाणार, वळांसकट, आईच्या नावाने. तो सगळ्यांत चांगला केक आहे, आणि डल्सी ट्रास्कला तो बघायचाय. माझा शिकाऊ परवाना आहे, शेजारी मोठं माणूस लागतं. मी गाडी चालू करतेय. शेजारी कोण बसणार, ते तुम्ही दोघं ठरवा."